६० एमएम ईएन-८ बारच्या मध्यातून क्रॅक, सल्फर प्रिंट शॉपवर काढता येते का?

उद्यमबाग_लेथ

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहायलोय पण शेवटपर्यंत वाचा. आमचं बेळगावच्या उद्यमबागेत छोटं मशीन शॉप आहे, बाबांनी दोन लेथवर सुरू केलेलं, आता एक सीएनसी पण आलंय. ऊस ओढणाऱ्या ट्रॉलीच्या पिव्होट पिना करतो, ईएन-८ चा (मध्यम कार्बनचं पोलाद) ६० एमएम राउंड, मधून १० एमएमचं ग्रीसचं होल आरपार, मग बाहेर हीट ट्रीटमेंटला पाठवतो. या वेळी ४० पिना पाठवल्या त्यातल्या ६ क्वेंचिंगनंतर (तापवून एकदम गार केल्यावर) तडकून आल्या, आणि क्रॅक बाहेरून आत नाही तर होलच्या भिंतीपासून बाहेर गेलाय, दोन पिनांना तर एंड फेसवर नुसत्या डोळ्यांना दिसतोय. निपाणीच्या पार्टीनं अख्खा लॉट थांबवलाय आणि हंगाम तोंडावर आहे.

बारवाला म्हणतो टीसी (मिलचं टेस्ट सर्टिफिकेट) बघा, सल्फर ०.०३१ टक्के, स्पेसिफिकेशनमध्ये आहे, तुम्हीच ड्रिलिंग करताना तापवलं असणार. मी स्वतः पैसे भरून लॅबमध्ये स्पेक्ट्रो (स्पार्क पाडून घटक मोजायची टेस्ट) केलं, ०.०२९ आलं, म्हणजे तो खोटं बोलत नाही. हीट ट्रीटमेंटवाला म्हणतो बाकीच्या ३४ चांगल्या आल्या ना मग माझी भट्टी कशी चुकली. तिघेही आपापल्या जागी बरोबर आणि माल मात्र तडकलाय. एक गोष्ट सांगायची राहिली, याच लॉटला ड्रिल करताना मधोमध ड्रिल दोनदा मोडलं, आमचा ऑपरेटर बोललाही होता की पोटात काहीतरी कडक लागायलंय म्हणून, तेव्हा मी मनावर घेतलं नाही.

लॅबमधला पोरगा सहज बोलून गेला की सल्फर प्रिंट काढा म्हणजे कळेल, पण त्यांच्याकडे आता कोण काढत नाही म्हणे. हे नेमकं काय असतं, शॉपवर जमतं का, आणि सल्फर टीसीवर बरोबर असताना त्यात वेगळं काय दिसणार?

टिळकवाडी_काका

तुमच्या ऑपरेटरला आधी चहा पाजा, त्याच्या हाताला जे कळलं ते टीसीला कळलेलं नाही.

मी तीस वर्षं पोलादाच्या टेस्टिंगमध्ये काढली, आता रिटायर आहे. टीसीवरचा ०.०३१ हा आकडा लेडलमधल्या रसाच्या नमुन्याचा असतो, सगळ्या हीटचा, म्हणजे भट्टीतल्या एका घाण्याचा, मिळून एक आकडा. तुम्ही केलेलं स्पेक्ट्रो म्हणजे चकतीवर एक-दोन जागी पाडलेला स्पार्क, आणि मधे १० एमएमचं होल असलं की लॅबवाला तो होल आणि कड यांच्या मधल्या जागेत मारतो. दोन्ही आकडे खरे. पण सल्फर बारमध्ये सारखा पसरलेला नसतो. कंटिन्युअस कास्टिंगमध्ये बिलेट बाहेरून आत थिजत जातं, थिजणारं लोखंड सल्फर, फॉस्फरस, थोडा कार्बन, मँगनीज पुढे ढकलत राहतं आणि सगळ्यात शेवटी जो रस मध्यात उरतो त्यात हे सगळं गोळा होतं. त्याला सेंटर सेग्रिगेशन म्हणतात. बिलेट रोल होऊन बार झाला तरी ते मध्यातच राहतं, फक्त लांबीला ओढलं जातं. म्हणून सल्फर किती आहे हे टीसी सांगते, तो कुठं बसलाय हे सांगत नाही, आणि तुमचं होल बरोब्बर त्याच जागेतून जातंय.

सल्फर प्रिंट हेच दाखवते. फोटोचा ब्रोमाइड पेपर घ्यायचा, सौम्य सल्फ्युरिक ॲसिडमध्ये भिजवायचा आणि घासलेल्या पोलादावर चिकटवायचा. पोलादात जिथं मँगनीज सल्फाइडचे कण आहेत तिथं ॲसिड लागून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो, तो तिथल्या तिथं कागदावरच्या सिल्व्हर ब्रोमाइडशी भिडतो आणि सिल्व्हर सल्फाइड होतं, ते तपकिरी-काळं. घरात चांदीची भांडी काळी पडतात ना, तोच प्रकार. म्हणजे जिथं सल्फर तिथं डाग, नकाशाच उमटतो. जर्मनीत बाउमान यांनी १९०६ मध्ये ही पद्धत आणली म्हणून बाउमान प्रिंट पण म्हणतात, आयएसओ ४९६८ हे त्याचंच स्टँडर्ड आहे. जुनी म्हणून टाकाऊ समजू नका, रेल्वे रुळांच्या तपासणीत अजून घेतात.

शॉपवर नक्की जमेल. पिनेची १५-२० एमएमची चकती बँडसॉवर कूलंट लावून कापा, गॅस कटिंग अजिबात नको. कापलेला चेहरा लेथवर फेस करून घ्या, मग सपाट काचेवर एमरी ठेवून २२० पासून ४०० पर्यंत घासा, आरशासारखं करायची गरज नाही, फक्त टूलच्या खोल रेघा जायला पाहिजेत. नंतर एसीटोननं किंवा स्पिरिटनं दोनदा पुसा आणि बोट लावू नका, तेलाचा हात लागला की तिथं ॲसिड भिडत नाही, पांढरा डाग राहतो आणि माणूस समजतो तिथं सल्फर नाही.

ॲसिड ३ टक्क्यांच्या आसपास पाहिजे. बॅटरीच्या दुकानातलं ताजं, सीलबंद ॲसिड १२८० ग्रॅव्हिटीचं मिळतं, त्याचा १ भाग १५ भाग डिस्टिल्ड वॉटरमध्ये. ॲसिड पाण्यात हळूहळू ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, चष्मा आणि रबरी हातमोजे घालूनच. जुन्या बॅटरीतलं घेऊ नका, त्यात शिसं आलेलं असतं. खिडकी-दार उघडं ठेवा, वायू थोडाच सुटतो पण विषारी आहे.

कागद त्या पाण्यात २-३ मिनिटं भिजू द्या, कोपऱ्याला धरून निथळा, वर थेंब डुलत असता कामा नयेत. चकती तोंड वर करून ठेवायची आणि कागद मसाल्याची (चांदीचा लेप असलेली) बाजू खाली करून एका कडेनं टेकवत टेकवत न्यायचा, पोळी तव्यावर टाकतो तसा, म्हणजे हवा पुढे पळते. वरून रबरी रोलर किंवा कापसाचा बोळा हलक्या हातानं फिरवा. कागद एकदा टेकला की सरकवायचा नाही, सरकला की चित्र फिसकटलं. ०.०३ च्या पोलादाला ४-५ मिनिटं पुरतात. मग उचला, पाण्यात धुवा, हायपोमध्ये (फोटो पक्का करायचं फिक्सर) १०-१५ मिनिटं, आणि वाहत्या पाण्यात अर्धा तास. हायपो नीट धुतला नाही तर महिन्यात पिवळा पडतो.

डार्करूम लागत नाही, घरातल्या उजेडात चालतं, फक्त थेट ऊन नको. कोरा कागद कितीही कोरा दिसू दे, उचलल्याबरोबर तुम्हाला बारचं पोट हातात दिसेल. मी पहिली प्रिंट उचलली तेव्हा आमच्या साहेबांना हाक मारायला पळालो होतो.

खडेबाजार_फोटो

आमचा तीन पिढ्यांचा स्टुडिओ, आता सगळं डिजिटल पण आजोबांच्या डार्करूमचं सामान मी टाकू दिलेलं नाही. काका म्हणतात तो ब्रोमाइड पेपर म्हणजे साधा ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटिंगचा कागद, कलरचा नको आणि हल्लीचा इंकजेटचा ‘फोटो पेपर’ तर मुळीच नको, त्यात चांदीच नसते, दुकानदार हमखास तोच गळ्यात मारणार. मॅट मिळाला तर मॅट घ्या, ग्लॉसी ओला झाला की सरकतो.

एक्स्पायर झालेला चालेल का तर माझ्या मते चालावा, कारण तुम्ही डेव्हलपर वापरणारच नाही, उजेडाचं चित्र उमटवायचं नाहीये, चांदी आहे ना बस. माझ्याकडे जुन्या मॅट कागदाचं अर्धं पाकीट आहे, कडा थोड्या करड्या झाल्यात. उद्यमबागवाले, या आणि घेऊन जा, पैसे नकोत, मला एक प्रिंट आणून दाखवा. आजोबांचा कागद पोलादाचा फोटो काढायला वापरतात हे मला आज कळतंय. हायपो २०० ग्रॅम एक लिटरला, खडे टाकले की पाणी गार पडतं, विरघळायला वेळ लागतो, आदल्या रात्री करून ठेवा.

होनगा_मोल्डर

मधे तोंड घालतो, माफ करा. आम्ही बीडवाले, ग्रे आयर्न आणि एसजी (मॅग्नेशियम टाकून केलेलं चिवट बीड) दोन्ही ओततो. बिडाला ही प्रिंट चालते का? आणि दुसरं, काका, हल्ली चांगल्या मिलचं पोलाद ०.००५ सल्फरचं येतं, त्यावर काही उमटणार का, का उगाच पोराला कामाला लावताय?

टिळकवाडी_काका

प्रश्न रास्त आहे. सल्फर तितका खाली गेला की प्रिंट फिकी येते, ॲसिड थोडं कडक आणि वेळ जास्त देऊनही सेग्रिगेशन नीट वाचता येत नाही, तिथं मॅक्रो एचिंगच (गरम ॲसिडनं चेहरा खाऊन बघणं) करावं. स्टेनलेससारख्या हाय अलॉयला पण नको, तिथले सल्फाइड या ॲसिडला दाद देत नाहीत. उलट ईएन-१ए सारखं फ्री कटिंग, ज्यात मुद्दाम ०.२-०.३ टक्के सल्फर घालतात, त्यावर मिनिटभरात कागद सगळाच काळा होतो. पण पोराचं पोलाद ०.०३ चं आहे, या पद्धतीला अगदी मापाचं.

आता बीड. ग्रे आयर्नमध्ये सल्फर पोलादापेक्षा जास्त असतो, कोकवर चालणाऱ्या क्युपोलाचा असेल तर कोकमधूनही येतो, आणि मँगनीज सल्फाइडचे कण सगळीकडे विखुरलेले, त्यामुळे प्रिंट सरसकट तपकिरी येते, फारसं कळत नाही. पण एसजीमध्ये हिचा खरा उपयोग आहे. तुम्ही मॅग्नेशियम टाकता तेव्हा ते आधी सल्फर पकडतं, मॅग्नेशियम सल्फाइड होऊन मळी (स्लॅग) वर येते. ती लेडलवरून नीट काढली नाही तर साच्यात जाते आणि कास्टिंगच्या वरच्या अंगाला, कोपच्या बाजूला, ड्रॉस म्हणून अडकते. मशीनिंग झाल्यावर ती नुसती मळकट रेघ दिसते, लोक म्हणतात वाळू आली. त्यावर कागद ठेवा, ड्रॉस असेल तर काळे तंतू उमटतील, वाळू असेल तर उमटणार नाहीत.

होनगा_मोल्डर

अहो काका!! पावसाळ्यात आमच्या मळीच्या ढिगाला सडक्या अंड्यासारखा वास येतो, आम्ही आजवर समजत होतो की गटार तुंबलंय, दोनदा साफ करून घेतलं. हा तोच वायू काय?

टिळकवाडी_काका

तोच. मॅग्नेशियम सल्फाइड नुसत्या पाण्यानंही फुटतं, ॲसिड लागत नाही. ढीग शेडच्या आत किंवा खड्ड्यात साठवू नका, उघड्यावर ठेवा, आणि पोरांना त्याच्या आडोशाला डबा खायला बसू देऊ नका.

उद्यमबाग_लेथ

आठवडा झाला, हे घ्या सगळं.

खडेबाजारवाल्या दादांकडून कागद आणला, त्यांनी ट्रे पण दिले. पहिली प्रिंट वाया गेली. बाबा शेजारी उभे, मी घाईत कागद वरून सपाट टाकला, आत हवा राहिली, ती काढायला बोटानं दाबलं आणि कागद दोन-तीन एमएम सरकला. आलं काय तर तपकिरी फराटे आणि मधे पांढरे गोल. बाबा म्हणाले हे बघ लेथवर असं असतं का, एकदा हात हलला की जॉब गेला, इथं पण तेच. चकती परत फेस केली, परत घासली, एसीटोन.

दुसऱ्यांदा बाबांनीच कागद टेकवला, त्यांचा हात स्थिर आहे. ५ मिनिटं घड्याळ लावून. उचलला तर कोणी काही बोललंच नाही थोडा वेळ. कडेकडेनं फिक्कट चहाच्या रंगाचे बारीक ठिपके, सारखे, आणि होलच्या भोवती साधारण ३ एमएम रुंदीचं गडद तपकिरी, जवळजवळ काळं कडं. कडं पण सलग गोल नाही, ठिपके ठिपके एकात एक घुसलेले, खसखस सांडावी तसे, आणि एका बाजूला जास्त दाट. त्या दाट बाजूलाच क्रॅक सुरू होतो. ऑपरेटरला बोलावून दाखवलं, तो म्हणाला बगा, मी म्हणलो होतो.

मग माझ्या डोक्यात आलं की होल न पाडलेला तुकडा पण बघू. त्याच बारचा उरलेला तुकडा लांबीला मधोमध चिरला, मागच्या वर्षीच्या दुसऱ्या लॉटचा पण एक, दोन्ही एकाच ट्रेमधल्या कागदावर, सारखाच वेळ. मागच्या वर्षीचा सगळा एकसारखा फिका, मधे अगदी हलकी सावली. या लॉटचा मात्र मधून शिसपेन्सिलनं दाबून रेघ ओढावी तसा काळा पट्टा, १५-१६ एमएम रुंद, टोकापासून टोकापर्यंत, मधे मधे तुटक.

काका, आता मला सांगा हे बघून मी बारवाल्याला चूक तुझीच असं सरळ म्हणू शकतो का?

टिळकवाडी_काका

शाब्बास, जुना आणि नवा लॉट शेजारी ठेवलात हे सगळ्यात शहाणपणाचं केलंत. एकटी प्रिंट भांडणात टिकत नाही, जोडी टिकते.

पण सरळ चूक तुझी म्हणू नका. कंटिन्युअस कास्टिंगच्या प्रत्येक बारमध्ये मध्याला थोडं सेग्रिगेशन असतंच, मागच्या वर्षीच्यातही सावली दिसलीच ना. किती चालेल हे ऑर्डर देताना ठरवायचं असतं, आणि तुमच्या ऑर्डरवर नुसतं ‘ईएन-८, ६० राउंड’ लिहिलेलं असणार. शिवाय प्रिंट टक्के मोजून देत नाही आणि फक्त सल्फर दाखवते. मध्यात पोकळी किंवा पाइप आहे का हे बघायला शेजारची चकती कोमट नव्हे, ७०-८० डिग्री गरम हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये एच करावी लागते, निम्मं ॲसिड निम्मं पाणी. ते शॉपवर करू नका, धूर फार निघतो, मशिनींना गंज चढेल, लॅबकडूनच करून घ्या. दोन्ही कागद बारवाल्यासमोर ठेवा आणि विचारा, मिलला दाखवतोस का. आवाज चढवायची गरज पडणार नाही.

तडकलं का तेही सांगतो. जिथं सल्फर गोळा झाला तिथं कार्बन आणि मँगनीज पण गोळा झालेलं असतं. म्हणजे ती जागा क्वेंचमध्ये बाकीच्यापेक्षा जास्त कडक होते, आणि त्यातच सल्फाइडच्या लांब ओढलेल्या रेघा, म्हणजे चिरेला आयती वाट. ड्रिल मोडलं तेही त्या कडक पट्ट्यामुळे, सल्फाइडमुळे नव्हे, सल्फाइड उलट चिप तोडायला मदत करतं.

आणि तुमच्याच मापात एक गोष्ट दडलीय. पट्टा १५-१६ एमएम, होल १० एमएम. म्हणजे तुम्ही खराब भाग अर्धवट काढला आणि उरलेलं ३ एमएमचं कडं बरोबर होलच्या भिंतीला ठेवलं, जिथं क्वेंचचा ताण सगळ्यात जास्त येतो. पार्टीला विचारून बघा ग्रीसचं होल १८ एमएम चालतं का आणि टोकाला बुश घालून निपल बसवता येईल का. ६० च्या पिनेला मधले १८ एमएम गेल्यानं ताकदीत नावापुरताच फरक पडतो, वाकण्याचा भार बाहेरचं अंग घेतं. उरलेले बार असेच वाचतील. आणि होल हार्डनिंगच्या आधी, होलच्या तोंडाला चांगला चॅम्फर मारून, धारदार कड ठेवायची नाही.

माच्छे_क्यूसी

काका, एक शंका. आमच्याकडे फोर्जिंगचे हुक येतात, पुरवठादार म्हणतो फोर्ज केलेत, मला संशय आहे की जाड प्लेटमधून कापून मशीन केलेत. प्रिंटमध्ये कळेल का?

टिळकवाडी_काका

कळेल ताई, जर सल्फर पुरेसा असेल तर. हुक मधोमध उभा चिरा आणि अख्ख्या चेहऱ्यावर कागद घाला. फोर्ज केलेला असेल तर सल्फाइडच्या रेघा हुकाच्या वळणाबरोबर वळतात, नदी वळते तशा. प्लेटमधून कापलेला असेल तर रेघा सरळच्या सरळ, वळण आलं की कडेला तुटलेल्या. ते तुटलेलं टोक जिथं येतं तिथूनच हुक उघडतो. ही प्रिंट कोणालाही समजते, दोन प्रकारचे हुक शेजारी ठेवले की शाळेतलं पोर पण बोट दाखवेल.

जुन्या काळी लोहाराला हे दुसऱ्या रूपात भेटायचं. लोखंडात मँगनीज कमी असेल तर सल्फर लोखंडाशीच जोडी जमवतो, आणि ते मिश्रण ९८८ डिग्रीलाच वितळतं. लाल तापवलेल्या लोखंडावर घण घातला की कणाकणांच्या मधला तो पातळ थर सुटतो आणि तुकडा भाकरीसारखा मोडतो. मँगनीज असेल तर सल्फर त्याच्याकडे जातो, त्याचं सल्फाइड सुमारे १६०० डिग्रीपर्यंत टिकतं, म्हणून पोलाद घण सोसतं. तेच मँगनीज सल्फाइड आज आपण कागदावर बघायलोय.

उद्यमबाग_लेथ

अपडेट. बारवाला काल आला होता, आधी जरा गरम होता. बाबांनी काही न बोलता दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि पिनेची चकती वर ठेवली, क्रॅक कड्याच्या दाट बाजूला जुळवून. तो बराच वेळ बघत बसला, मग म्हणाला हा कागद मला द्या मी मिलवाल्याला दाखवतो. मूळ दिला नाही, त्याच्यासमोर दुसरी काढून दिली. त्याच चेहऱ्यावर लगेच काढली तर फिकी आली, मग परत घासून काढावी लागली, हे कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतो. उरलेले बार बदलून द्यायला तो तयार झालाय, तडकलेल्या सहांचं अजून बोलणं चालू आहे.

पार्टी १८ एमएम होलला हो म्हणाली, बुश घालून. मशीनिंग झालेल्या उरलेल्या ३४ मधल्या दोन कापून बघितल्या, एकीत कडं आहे पण क्रॅक नाही, दुसरीत कडं फिकं आहे. राहिलेल्या ३२ चं काय करू? हार्डनिंग झालेल्या आहेत, देऊ का नको?

टिळकवाडी_काका

देऊ नका. कडं असलेली पिन आज धड दिसते, पण भरलेली ट्रॉली खड्ड्यात आदळल्यावर काय होईल ते कागद सांगत नाही, आणि मागून दुचाकीवर माणसं येत असतात. सगळ्या नॉर्मलाइज (तापवून हवेत गार) करून घ्या, मऊ झाल्या की होल १८ चं करा, आधी दोन-चार करून एंड फेसची प्रिंट काढा, कडं पूर्ण गेलं असेल तरच बाकीच्या करा आणि परत हार्डनिंगला पाठवा. नंतर प्रत्येकीला डाय पेनिट्रंट (बारीक चिरा दाखवणारा रंग) लावून होलची तोंडं बघा. खर्च येईल, बारवाल्याशी त्याचं पण बोला.

आणि इथून पुढे लॉट आला की एका बारच्या टोकाची चकती कापून प्रिंट काढायची सवय लावा. कागद भिजवायच्या आधी मागच्या बाजूला पेन्सिलनं हीट नंबर आणि तारीख लिहा, शाई ॲसिडमध्ये पसरते. चकतीच्या कडेला एक खाच मारून ठेवा, कारण प्रिंट आरशातल्यासारखी उलटी येते, डावं-उजवं चुकतं.

खडेबाजार_फोटो

पाकिटात अजून अकरा कागद आहेत, तुमच्यासाठी बाजूला ठेवलेत. आणि माझी प्रिंट?

उद्यमबाग_लेथ

दादा, लांबीला चिरलेल्या तुकड्याची काढून वाळत घातलीय, रविवारी गल्लीत येतो घेऊन. बाबा पण येणार म्हणायलेत, त्यांना डार्करूम बघायचीय.